शून्य झालेली बोट

मच्छीमाराच्या घरात जन्मून ज्याला बोट लागते, त्याचं करायचं काय, हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षं पडून होता. वडिलांनी मला तीनदा समुद्रावर नेलं. तिन्ही वेळा खाडीचं तोंड ओलांडायच्या आत मी पोटातलं सगळं बाहेर काढलं, आणि तिसऱ्या वेळी तर थेट जाळ्यावर. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "याला शाळेतच ऱ्हाऊ दे. तिथं वांती झाली तर निदान जाळं धुवायला नको."

असा मी शिकलो. गुणवत्तेमुळे नाही, वांतीमुळे. पुढे बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगांच्या कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून चिकटलो, तिथेच खोली घेतली आणि रविवारचा गावी जाऊ लागलो. आमचं गाव दातिवऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाने पसरलेलं. गावात चाळीस-एक बोटी. बोईसरला मी साधा कारकून होतो, पण गावात पँटीत शर्ट खोचलेला एकमेव माणूस होतो, आणि त्याची मस्ती माझ्या अंगात पुरेशी होती.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कारखान्यात कॉम्प्युटर आले. हिरव्या अक्षरांचे, खोक्यासारखे. आमचा स्टोअरचा सुपरवायझर उत्तरेकडचा होता, गालात पान, बोटं मात्र की-बोर्डवर झिंग्यासारखी उडायची. रोजच्या यादीत एकाच मालाचं नाव तीस-तीस वेळा यायचं आणि मॅनेजरला हवं असायचं ते एकदाच, पुढे एकूण बेरीज. मी वहीत रेघा मारत, बोटं मोजत ते करायचो. सुपरवायझरने एक दिवस माझी वही बंद केली.

"देख भाई. पहले सब नाम एक के नीचे एक लगा दे. अब हर लाइन को बोल, नीचे देख. नीचे वही नाम है तो चुप बैठ, जोड़ता जा. नाम बदल गया तो जोड़ बोल दे. बस!"

त्याने तो फॉर्म्युला एका घरात लिहिला आणि खालपर्यंत ओढला. तीस ओळींपैकी एकोणतीस गप्प बसल्या, तिसावी बोलली. मी बघतच राहिलो. इतकी शिस्त मी आमच्या गावच्या एकाही सभेत पाहिली नव्हती.

पुढे कारखान्याने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातला एक मी आमच्या मच्छीमार सोसायटीला मिळवून दिला. बर्फाच्या गोदामाशेजारच्या खोलीत त्याची स्थापना झाली. नारळ फुटला. अध्यक्षांच्या बायकोने मॉनिटरच्या काचेवर हळदकुंकू लावलं आणि ते पुसायची माझी हिंमत झाली नाही, त्यामुळे पहिला महिनाभर वरच्या दोन ओळींतले आकडे मी कुंकवाच्या आडून वाचले.

सोसायटीचे सेक्रेटरीकाका मोठी, कापडी पुठ्ठ्याची वही ठेवत. बोट बर्फ घेऊन निघाली की जावक, परत आली की आवक. नाव, तारीख, बर्फाच्या लाद्या किती. त्यांच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. पेनने नोंद झाली की ते बोटीच्या नावाखाली रेघ ओढत. कधी लाल, कधी निळी, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. मी त्यांना एकदा विचारलंही होतं, म्हणजे विचारलं कसलं, टोमणा मारला.

"काका, वहीत होळी खेळताय काय?"

"ते माजा हाय," ते म्हणाले. "तू तुजा बघ."

मी माझं बघितलं. दर रविवारी त्यांची वही पुढ्यात घेऊन सगळ्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये चढवल्या. रेघा चढवायला कॉम्प्युटरला रंगही नव्हता आणि मला गरजही वाटली नाही. जावक म्हणजे अधिक एक, आवक म्हणजे उणे एक. मग नावं क्रमाने लावायची आणि फॉर्म्युला खाली ओढायचा. प्रत्येक बोटीचं नाव एकदाच, पुढे एकच आकडा. शून्य म्हणजे बोट घरी. एक म्हणजे बाहेर. शेजारच्या रकान्यात मोसमात तिने किती बर्फ नेला, तीही बेरीज.

पहिल्याच सभेत मी छाती काढून उभा राहिलो आणि सांगितलं, की गावात सगळ्यात जास्त बर्फ अमुक एक बोट नेते, इतरांच्या जवळजवळ दुप्पट. मी ज्या बोटीचं नाव घेतलं ते आमच्या किनाऱ्यावरच्या लाडक्या देवीचं नाव. त्या बोटीचा मालक वरच्या आळीतला, आडवातिडवा माणूस. तो ताडकन उठला.

"मी बर्फ खातो काय?"

"मामा, मी नाय म्हणत, कॉम्प्युटर म्हणतो."

"मंग त्याला सांग, माज्या घरी येऊन मोजून जा!"

सभेत हशा उसळला. कोणी म्हणे, मामा बर्फाचा गोळा विकतो. कोणी म्हणे, बायको तापट हाय, तिच्या डोक्यावर ठेवायला नेत असंल. सेक्रेटरीकाका हात वर करून काही सांगायला उठले. मी त्यांना खाली बसवलं. शब्द आठवतात, कारण नंतर ते मला फार लोकांनी ऐकवले. मी म्हणालो, "काका, माणूस चुकतो. हा नाय चुकत."

काका माझ्याकडे बघून बसले. "बरा. नंतर बोलू," म्हणाले. आणि ते नंतर काही आलं नाही, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि दिवाळी झाल्यावर पालघरला एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. मंगळवारी सकाळी त्यांनी शेवटच्या नोंदी लिहिल्या आणि दुपारी ते पालघरला गेले. सोसायटीची किल्ली आणि वही चार दिवसांसाठी माझ्याकडे. मी कारखान्यातून रजा टाकून आलो. खुर्चीवर बसताना, खोटं कशाला बोलू, एकदा गोल फिरूनही बघितलं. ती फिरणारी नव्हती.

गुरुवारी सकाळी रेडिओवर वादळाची सूचना आली. आकाश तांब्याच्या भांड्याच्या आतल्या बाजूसारखं झालं होतं आणि वारा दक्षिणेकडून, ज्या दिवसांत तो तिकडून यायला नको त्या दिवसांत. बंधाऱ्यावर बायका उभ्या राहायला लागल्या. बोटी एकेक करून खाडीत शिरत होत्या, कोणी जाळी तशीच पाण्यात कापून टाकून आलेले. प्रत्येक बोट आली की कोणीतरी खिडकीतून ओरडे आणि मी आवक चढवे. स्क्रीनवरचा एक शून्य होई. खिडकीत डोकी जमली होती. वाचता कोणाला येत नव्हतं, पण शून्य सगळ्यांना ओळखू येत होतं.

"झाला काय आमचा शून्य?"

"झाला मावशे, तुमचा झाला."

की ती मावशी तिथूनच देवाला हात जोडून पळे.

अडीचच्या सुमारास पालघरहून मत्स्य खात्याच्या ऑफिसचा फोन आला. साहेबांचा आवाज घाईचा. "तीन वाजेपर्यंत सांगा, तुमच्या किती बोटी बाहेर आहेत आणि कोणत्या. बाहेर असलेल्यांची यादी आम्ही वायरलेसवर देणार. मोठ्या बोटी अजून समुद्रात आहेत, त्या बघतील. ज्या गावाचं सगळं आलं त्या गावाकडे कोणी बघणार नाही, लक्षात ठेवा."

"तीनच्या आत देतो साहेब."

तीनला दहा मिनिटं कमी असताना स्क्रीनवर सगळी शून्यं होती. एक सोडून. देवीच्या नावापुढे एक.

मी उठून बंधाऱ्यावर धावलो. वारा तोंडात वाळू मारत होता. आणि समोर खाडीत, वरच्या आळीच्या खुंटांना बांधलेली, ती बोट चक्क उभी होती. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, देवीचं नाव, मोठ्या पिवळ्या अक्षरांत. मालक मामा स्वतः तिच्यावर उभा राहून दुसरा नांगर टाकत होता. मी हात हलवला, त्याने शिवी हासडली. मला एवढा आनंद कोणत्याही शिवीचा झाला नव्हता.

परत येऊन मी वही उघडली. सोमवारी त्या बोटीची जावक. मंगळवारी पुन्हा त्याच बोटीची जावक. मधे आवक नाही; आवक एकच, आजची, मी घाईत लिहिलेली. बोट परत न येता दोनदा कशी जाईल? आता मला सगळं कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. मोतीबिंदू! काकांना दिसत नव्हतं, सोमवारची नोंद त्यांनी मंगळवारी पुन्हा लिहिली. मला त्यांची कीवसुद्धा आली. दुबार नोंद, दुसरं काय. मी ती ओळ काढून टाकली. एकाचा शून्य झाला. वरपासून खालपर्यंत सगळी शून्यं, कशी ओळीने!

मी फोन फिरवला. "साहेब, आमच्या सगळ्या आल्या."

"नक्की?"

"कॉम्प्युटरवर आहे साहेब."

पलीकडे साहेब लिहून घेत असावेत. "वा," म्हणाले. "तुमच्या गावात कॉम्प्युटर आहे?" त्या 'वा'ने मी इतका फुगलो, की उठून स्वतःच चहा ठेवला.

चारच्या पुढे काटा गेला असेल. दार वाऱ्याने उघडलं असं वाटलं, पण वहिनी होत्या. सख्ख्या नव्हेत, खालच्या आळीतल्या, नात्यात लांबून वहिनी लागणाऱ्या. यांच्या नवऱ्याने गेल्याच मोसमात बाहेरगावची एक जुनी बोट विकत आणली होती आणि तोच तिचा तांडेल, म्हणजे कप्तान. पदर डोक्यावरून घट्ट, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"भावजी, आमची आली नाय."

"आली वयनी. सगळ्या आल्या. शून्य हाय."

"आली नाय."

"तुमच्या वळणावर बांधली असंल." खालच्या आळीच्या बोटी खाडीच्या वळणापलीकडे बांधतात, सोसायटीतून त्या दिसत नाहीत. वरच्या आळीतल्या लोकांनीही तेच धरलं होतं, की खालच्यांच्या खाली असतील.

"मी वळणावरूनच आलो," वहिनी म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'आलो' म्हणतात. "तिथं तीन हायत. आमची नाय."

"तुमच्या बोटीचं नाव काय वयनी?"

आता बघा, मी त्याच गावचा. पण गावात बोटीला तिच्या नावाने कोणी बोलवतच नाही. विहिरीवरच्यांची, कोपऱ्यावरच्यांची, मामाची, असंच. यांची बोट मला 'नवी' म्हणून माहीत होती. नाळेवर काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नव्हतं. वहिनींनी नाव सांगितलं. देवीचंच.

"ते तर मामाच्या बोटीचं."

"आमच्यापण. आणली तवाच लिवलेला होता. देवीचा नाव कोन खरवडील?"

मी स्क्रीनकडे बघितलं. शून्य. मी तो आकडा बोटाने दाखवला, का दाखवला ते आजही कळत नाही, जणू काही स्क्रीन मला यातून सोडवणार होता. "इथं तर आलीय," मी म्हणालो.

वहिनी स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी टेबलावरची काकांची वही स्वतःकडे ओढली. त्यांना अक्षरओळख नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांनी ओली बोटं पदराला पुसली आणि पान उलटून मंगळवारच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"ही आमची. निळी."

मग वर सरकून सोमवारच्या नोंदीवर. "ही मामाची. लाल." मग आज मीच लिहिलेली आवक, तिच्याखाली अर्थातच रेघ नव्हती. तिथे बोट थांबलं. "ही कोनाची? काका नसले की लोकांना कसा कळायचा?"

बोटीच्या डोलकाठीवरच्या बावट्याचा रंग! मामाच्या बोटीवर लाल बावटा, वहिनींच्या बोटीवर निळा. ज्यांना वाचता येत नाही, नुसता नावाचा आकार ओळखू येतो, त्यांनी वहीत आपली ओळ शोधावी, म्हणून काका बावट्याच्या रंगाची रेघ ओढत होते. गावातली निम्मी माणसं ती वही वाचत होती. मी एकटा मॅट्रिक झालेला, मलाच ती वाचता येत नव्हती. आणि सभेत त्या मामाला मी दोन बोटींचा बर्फ खायला घातला होता.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी पालघरला काय सांगितला?"

मी वही मिटली.

"काय सांगितला?"

"सगळ्या आल्या म्हणून."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. सहा माणसं होती त्या बोटीवर. मी फोन उचलला. टोनच्या जागी नुसती खरखर, मग तीही नाही. कुठेतरी खांब पडला असणार.

"मी जातो पालघरला. स्कूटर हाय."

"मी येतो."

"वयनी, वारा..."

"तुमी परत आली म्हणून सांगाल," त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या.

त्या रस्त्याबद्दल मला फार सांगता येत नाही. स्कूटर वाऱ्याने आडवी ढकलली जात होती. मी हळू केली की पाठीत एक ठोसा बसे, शब्द नाही. पालघरच्या अलीकडे, माहीमच्या वाड्यांजवळ सुरूचं एक झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं आणि पाच-सहा वाडीवाले कोयत्यांनी फांद्या तोडत होते. "थांबा, अर्ध्या तासात मोकला होईल," एकजण म्हणाला. वहिनी उतरल्या, स्कूटरचं मागचं चाक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही ती स्कूटर खोडावरून उचलून पलीकडे घेतली. म्हणजे वहिनींनी उचलली. मी हँडल धरलं होतं आणि माझा पाय खोडाच्या फाट्यात अडकला होता. तो वाडीवाल्याने काढून दिला.

मत्स्य खात्याच्या ऑफिसात पोचलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. साहेब नकाशासमोर उभे होते. मला बघून ओळखीचं हसले. "काय कॉम्प्युटरवाले?"

"साहेब, आमची एक बोट बाहेर आहे."

त्यांचं हसू गेलं. "कोणती?"

मी नाव सांगितलं. त्यांनी कागद बघितला. "ही तर आलेली आहे. तुम्हीच सांगितलंत."

"तीच आली साहेब. पण दुसरी नाही आली."

"तीच की दुसरी?"

"तीच. म्हणजे नाव तेच. दुसरी."

"अहो, मी वायरलेसवर काय सांगू? आलेली बोट आलेली नाही म्हणून?"

वहिनी मागून पुढे आल्या. "सायेब, निळा बावटा. नवीन बोट, नाळ हिरवी, बूड काळा. सा माणसा. मंगळवारी सकाळी गेले, खाडीच्या तोंडाबाहेर तीन तासांवर जाळा मारतात. एवढाच सांगा."

साहेबांनी तेवढंच सांगितलं. निळा बावटा, हिरवी नाळ, काळं बूड, सहा माणसं. वायरलेसवर ते चारदा म्हटलं गेलं आणि प्रत्येक वेळी पलीकडून नुसती फरफर आली. साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कसं झालं हे?" मी म्हणालो, "एक ओळ दुबार वाटली साहेब. मी काढून टाकली." ते म्हणाले, "ओळ," आणि पुन्हा वायरलेसकडे वळले.

आम्ही बाकावर बसून राहिलो. वहिनी माझ्यापासून एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. त्या वेळात मी काय नवस बोललो ते सांगत नाही, त्यातले निम्मे अजून फेडायचेत. सातच्या सुमारास वायरलेसवर एक आवाज आला, तुटक. एका मोठ्या बोटीने निळा बावटा पाहिला होता. इंजिन बंद पडलेली बोट, नांगरावर. दोर टाकून ती ओढत आडोशाला नेत होते. माणसं सहा.

"सा?" वहिनींनी विचारलं.

"सहा," साहेब म्हणाले.

वहिनींनी पदर तोंडावर घेतला. मी बाकावरून उठलो आणि तिथेच खाली बसलो, फरशीवर. शिपायाने पाणी आणलं. कोणाचा माणूस समुद्रात होता, असा त्याचा गोंधळ झालेला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. अख्खं गाव बंधाऱ्यावर. मी मागे, गोदामाच्या भिंतीला टेकून. गावाला सगळं कळलेलं होतं. मला वाटलं होतं, मार खावा लागेल. तयारीसुद्धा केली होती, चष्मा घरी ठेवून आलो होतो. पण तांडेल सरळ माझ्याकडे चालत आला, वहिनी त्याच्या मागे. तीन दिवसांची दाढी, ओठ मिठाने फाटलेले.

"काय रे," तो म्हणाला, "मी काल तुज्या कागदात कुठं होतो?"

"घरी," मी म्हणालो.

"किती वाजल्यापास्ना?"

"तीन."

"घरी होतो तर मंग मला जेवाया कुनी नाय घातला?"

आजूबाजूचे हसले. मीही हसायला तोंड उघडलं, आणि मागून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी हसू नका."

मी तोंड मिटलं. तांडेलही थांबला. मग त्याने, जरा दुसरीकडे बघत, राहिलेलं सांगितलं. चारच्या सुमारास ती मोठी बोट त्यांना लांबून दिसली होती. त्यांनी चादर फडकवली. बोट आपल्या वाटेने निघून गेली. त्या लोकांनी नंतर सांगितलं, की या बाजूच्या गावाचं सगळं घरी आलंय असं वायरलेसवर होतं, म्हणून त्यांना वाटलं, हे मासे मारणारे कोणी बाहेरचे, आपल्या मर्जीने थांबलेत. निळा बावटा ऐकल्यावर ती वळली. मधल्या वेळात, सहाच्या आसपास, लाटेने नांगराचा दोर सुटला आणि तो पकडायला गेलेल्या खलाशाचा हात दोर आणि कठड्याच्या मधे सापडला.

तो खलाशी मागून उतरत होता. चाळिशीचा, गावाबाहेरच्या पाड्यावरचा, कमी बोलणारा माणूस. उजवा हात लुंगीच्या फडक्यात बांधलेला, कोपरापर्यंत सुजलेला. मी मनातल्या मनात हिशेब केला, करायचा नव्हता तरी झाला. चार ते सात. तीन तास माझे. सहा वाजता हात.

पुढचा दीड महिना मी बोईसरहून दर तिसऱ्या दिवशी लवकर सुटून गावी येई आणि त्याला स्कूटरवर बसवून पालघरला नेई, आधी ड्रेसिंगला, मग प्लास्टरला. हे कोणी मला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो नको म्हणत होता, मग बसला. वाटेत फारसं बोलणं होत नसे. एकदा मीच विषय काढला, की त्या दिवशी माझ्या हातून असं असं झालं. त्याने ऐकून घेतलं. "त्यातला मला काय कळतो?" म्हणाला. मग शिरगावच्या फाट्यापुढे, "ती बोट गेली तवा वाटला, आपन दिसत नाय काय कुनाला?"

प्लास्टर कापलं त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला मूठ वळायला सांगितली. अंगठा आला, दोन बोटं आली. शेवटची दोन सरळच राहिली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, फरक पडेल. बाहेर आल्यावर मी विचारलं, "दुखतो काय?"

"नाय," तो म्हणाला. "दोर धरता येईल."

त्याने माझ्यासमोर स्कूटरचं हँडल धरून दाखवलं. मी म्हणालो, "येईल की, का नाय येणार." दोघांनाही दिसत होतं. पुढच्या मोसमात तांडेलाने त्याची जागा रिकामी ठेवली होती, पण तो बोटीवर गेला नाही. सोसायटीच्या गोदामात बर्फ फोडायला लागला, डाव्या हाताने. मी रविवारी गेलो, की तो मान हलवून ओळख देई आणि लाद्या मोजून सांगे. मी त्याने सांगितलेला आकडा लिहून घेई, आणि पुन्हा मोजायला कधी उठलो नाही.